डनब्लेनची शिळा आणि स्मरणाचा प्रश्न

स्कॉटलंडमधील डनब्लेन ह्या छोट्या गावाची ओळख १९९६ पर्यंत दोन गोष्टींनी होत असे. एक, ॲलन नदीच्या काठी उभे असलेले तेथील मध्ययुगीन कॅथीड्रल. दुसरी, रॉबर्ट टॅनहिल ह्या विणकर कवीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथील एका तरुणीवर रचलेले गीत. त्या वर्षीच्या १३ मार्चला, बुधवारी, सकाळी साडेनवाच्या सुमारास एक मनुष्य तेथील प्राथमिक शाळेच्या व्यायामगृहात शिरला. पहिलीच्या वर्गातील मुले कसरतीच्या तासासाठी जमली होती. तीन-चार मिनिटांत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका ग्वेन मेयर प्राणास मुकल्या. आणखी पंधरा जण जखमी झाले. शेवटची गोळी त्याने स्वतःवर झाडून घेतली. मेलेल्या मुलांचे वय पाच-सहा वर्षांचे होते. मारेकऱ्याजवळची चारही शस्त्रे, दोन पिस्तुले आणि दोन रिव्हॉल्व्हर, रीतसर परवान्याची होती. ही शेवटली गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

ह्या घटनेला तीसेक वर्षे लोटली. ह्या काळात डनब्लेनने, आणि डनब्लेनच्या नावाने इतरांनी, स्मरणाच्या म्हणून ज्या वस्तू घडविल्या त्यांत बागा आहेत, एक शिळा आहे, गाणी आहेत, एक ग्रंथ आहे, चित्रपट आहेत आणि दोन कायदेही आहेत. ह्या साऱ्यांचा एकत्र विचार करावा असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. आम्ही त्या गावी गेलेलो नाही. शिळा आणि बागा आम्ही छायाचित्रांतूनच पाहिल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो. अशा वस्तूंची चिकित्सा करणे काही वाचकांस निर्दयपणाचे वाटेल. पण शोक करणाऱ्याच्या शोकाला कोणी गुण देत नाही. त्याने किंवा त्याच्यासाठी दुसऱ्याने जे घडविले आणि चारचौघांपुढे मांडले, त्याला मात्र गुणदोषांचा न्याय लागू होतो. तो लावला नाही तर सुंदर आणि असुंदर, खरे आणि खोटे, सारे एकाच फुलांच्या ढिगाखाली जाते.

मारेकऱ्याचे नाव आम्ही येथे देत नाही. मेलेल्यांत कोणाची गणना करावयाची हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात दिसून आले. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोलंबाईन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी १२ मुले आणि एका शिक्षकाचा बळी घेतला व मग स्वतःचा अंत करून घेतला. दूरच्या गावाहून आलेल्या एका सुताराने जवळच्या टेकडीवर लाकडी क्रूस रोवले. त्यांची संख्या होती पंधरा. तेरा कोणाचे हे स्पष्टच होते. उरलेले दोन त्या मारणाऱ्या मुलांचे. एका मृत मुलाच्या बापाने ते दोन क्रूस स्वतः जाऊन उपटून टाकले. गोव्यात वाटेच्या कडेला अपघाताच्या जागी उभारलेले खुरीस आपण पाहतो. त्यापुढे क्षणभर थांबणारा मनुष्य मेलेला भला होता की बुरा हे विचारीत नाही. सुताराच्या मनात हीच भावना असावी. पण ती बापाला मान्य झाली नाही, आणि आम्हांस बापाला दोष देववत नाही. २००७ साली तेथे जे कायमचे स्मारक झाले त्याने तेराच नावे घेतली.

डनब्लेनने केलेले स्मरणाचे पहिले कृत्य म्हणजे एक पाडकाम. ११ एप्रिलला, महिना उलटण्याच्या आत, ते व्यायामगृह जमीनदोस्त केले गेले आणि त्या जागी एक लहानशी बाग झाली. शाळा मात्र तेथेच राहिली व आजही भरते. असे पाडकाम पुढे जणू रूढच झाले. पेन्सिल्व्हेनियातील आमिश पंथाच्या खेड्यात २००६ च्या २ ऑक्टोबरला शाळेतल्या दहा मुलींवर गोळ्या झाडल्या गेल्या व पाच मेल्या. दहा दिवसांत शाळेची इमारत पाडून तेथे कुरण केले. न्यूटाउन येथील सँडी हूक शाळा २०१३ मध्ये पाडली गेली. आपल्याकडे ज्या घरात अपमृत्यू घडला ते घर सोडण्याची, निदान त्याचे दार बदलण्याची चाल आहे; तिच्यामागे भीती असते. डनब्लेनच्या पाडकामामागे भीती नव्हती असे नाही. पण त्याहून अधिक होते ते हे, की ज्या मुलांना उद्या त्याच शाळेत यावयाचे आहे त्यांच्या दृष्टीस त्या भिंती पडू नयेत. म्हणजे पहिले स्मारक जगलेल्यांसाठी झाले. आमच्या मते हा क्रम योग्य होता, आणि पुढे झालेल्या बऱ्याच गोष्टींत तो पाळला गेला नाही.

मेयरबाई आणि सोळांपैकी बारा मुले गावच्या दफनभूमीत विसावली आहेत. तेथे १९९८ च्या मार्चमध्ये एक उद्यान उघडले. त्यात कारंजे आहे आणि सतरा नावांची पाटी आहे. गावातल्या एका चौकात दोन नव्या जातींचे गुलाब लावले गेले. ॲबर्डीनच्या गुलाबपैदास करणाऱ्यांनी ते त्यासाठीच सिद्ध केले होते. एकाचे नाव त्या शिक्षिकेचे, दुसऱ्याचे ‘इनोसन्स’, म्हणजे निष्पापता. पहिले नाव आम्हांला आवडले, दुसरे नाही. सोळा मुलांना मिळून एक भाववाचक नाम देणे म्हणजे त्यांची नावे पुसण्याचाच एक कोमल प्रकार झाला. पाच वर्षांची मुले निष्पाप असतात हे खरे. ती हट्टी, खोडकर, रडकी, हुशारही असतात, आणि आईबापांना आठवते ते हेच.

आता शिळेकडे वळू. कॅथीड्रलच्या व्यवस्थापकांनी ही शिळा रिचर्ड किंडर्सली ह्या कारागिराकडून करवून घेतली आणि २००१ च्या मार्चमध्ये उपासनेच्या वेळी तिची स्थापना झाली. किंडर्सली हे दगडावर अक्षरे कोरणाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांचे वडील डेव्हिड हे एरिक गिल ह्या नामांकित शिल्पकाराच्या हाताखाली शिकले होते. शिळा दोन मीटर उंचीची, क्लाशॅक नावाच्या स्कॉटिश वालुकाश्माची, आणि तिच्या तळाशी केथनेसची फरशी आहे. स्कॉटलंडमध्ये इतिहासपूर्व काळापासून माळरानावर एकाकी उभ्या दगडांची परंपरा आहे. ते कोणी, कशासाठी उभे केले ह्याचा पुरता उलगडा होत नाही. किंडर्सली यांनी ती आकृती उचलून छताखाली, ख्रिस्ती देवालयात आणून उभी केली. ह्यातच त्यांची प्रतिभा दिसते. देवालयाच्या आत असूनही ही शिळा देवालयापेक्षा जुनी वाटते. त्या सकाळी जे घडले त्याचा अर्थ लावण्यास धर्मशास्त्र अपुरे पडले, हे कोणी बोलून दाखविले नसेल. दगडाने ते सूचित केले आहे.

ही शिळा पाहताना आम्हांस आपल्या वीरगळांची आठवण झाली. बेळगावच्या बाजूस, कोकणात, गोव्यात देवळांच्या आवारात हे दगड अर्धवट मातीत रुतलेले दिसतात. कदंबांच्या काळातील काही वीरगळांवर तर जहाजांवरची लढाई कोरलेली आहे. वीरगळ खालून वर वाचावा लागतो. तळच्या चौकटीत मनुष्य लढताना आणि पडताना दिसतो; मधल्या चौकटीत अप्सरा त्याला नेतात; वरच्या चौकटीत तो देवासन्निध पोहोचलेला असतो; माथ्यावर चंद्रसूर्य असतात. मरण कसे आले हे सांगण्यात वीरगळाला संकोच नाही, कारण तेथे मरण हे कर्तृत्व आहे. डनब्लेनच्या शिळेला तळची चौकट नाही. असूच शकत नाही. ज्यांनी काहीही केले नव्हते, जी केवळ तासाला हजर होती, त्यांच्या मरणाची हकीकत कोरावयाची म्हणजे मारणाऱ्याचेच कर्तृत्व कोरावयाचे. म्हणून किंडर्सली यांनी घटना वगळली आणि बालपणाविषयीच्या काव्यपंक्ती कोरल्या. आपल्या रूढीतही लहान मुलाच्या मृत्यूला विधी फार थोडे आहेत. त्याला ना वीरगळ, ना थोरांसारखे श्राद्ध. ज्या दुःखाला जगातल्या बहुतेक समाजांनी सार्वजनिक रूप दिले नाही, त्याला रूप देण्याचे काम ह्या कारागिरावर येऊन पडले होते, हे त्याचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

तरीही एक उणीव सांगितलीच पाहिजे. शिळेवरील पंक्ती शिळेच्या योग्यतेच्या नाहीत. ई. व्ही. रियू, रिचर्ड हेन्री स्टॉडर्ड, बेयर्ड टेलर आणि डब्ल्यू. एच. ऑडन अशा चौघांची वचने तेथे आहेत. ऑडन वगळता बाकीच्यांची निवड ही सभ्य व निर्धोक निवड आहे. मधले दोघे तर गतशतकाच्याही आधीच्या शतकातले अमेरिकन कवी. बालकाविषयी त्यांचा जो हळवा आदरभाव आहे तो अशा घटनेच्या आधीच्या जगातला आहे. ह्या ओळी कोणत्याही बालकाच्या कोणत्याही थडग्यावर शोभल्या असत्या. अक्षरांचे वळण मात्र असे आहे, की अर्थ बाजूस ठेवूनही ती पाहत राहावीत. अक्षर कोरणाऱ्याने कवींना तारले, असे उदाहरण विरळा.

गाण्यांविषयी थोडक्यात लिहितो. १९९६ च्या डिसेंबरात टेड ख्रिस्टोफर ह्या गायकाने बॉब डिलनच्या एका प्रसिद्ध गीतात, त्याची संमती घेऊन, नवे कडवे घातले. डनब्लेनच्या मुलांनी त्यात साथ केली, मार्क नॉफ्लर यांनी गिटार वाजविली, आणि ते ध्वनिमुद्रण ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. मिळालेला पैसा मुलांच्या कार्याला दिला गेला. हेतू निर्मळ होता ह्यात शंका नाही. पण मूळ गीत १९७३ च्या एका ‘काउबॉय’ चित्रपटातले, गोळी लागून मरणाऱ्या शेरीफसाठी लिहिलेले. गोळीबाराला रम्य करणाऱ्या चित्रपटांच्या दुनियेतून आलेली चाल ह्या मुलांच्या ओठी घालावी लागली, हा विरोधाभास कोणाला खटकला नसेल तर नवल. त्याच वर्षी जेम्स मॅकमिलन ह्या स्कॉटिश संगीतकाराने ‘अ चाइल्ड्स प्रेअर’ ही लहानशी रचना डनब्लेनच्या मृतांसाठी केली. खाली समूहाचा मंद स्वर आणि वर दोन बालस्वर, एवढाच तिचा संभार. ती यादीत कोठेही गेली नाही. तीस वर्षांनंतर देवळादेवळांतून गायिली जाते ती मात्र हीच.

येथवर जे पाहिले ते सारे सांत्वनाच्या बाजूचे. डनब्लेनच्या स्मरणाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून शिळेचाही पुरता अर्थ लागत नाही.

घटनेनंतर जगभरचे वृत्तपत्रकार त्या गावात लोटले होते. गावाने त्यांना परत जाण्याची विनंती केली, आणि अंत्यविधींच्या आधी बहुतेकांनी ती मानली. राणी एलिझाबेथ आणि राजकन्या ॲन रविवारी, १७ मार्चला, येऊन गेल्या. तो दिवस तेथील मातृदिनाचा होता. त्यानंतर गावाने आपली कवाडे लावून घेतली. वार्षिक समारंभ, भाषणे, मिरवणुका ह्यांना तेथे थारा मिळाला नाही. ह्या मौनाची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे आणि आम्हीही करतो. पण मौन हे एकाच रंगाचे नसते. आपल्या पोटच्या पोराविषयी चारचौघांत बोलवत नाही म्हणून गप्प राहणारी आई, आणि परवान्याच्या कागदावर सही करणारा हात कोणाचा होता हे निघू नये म्हणून गप्प राहणारी कचेरी, ह्या दोहोंचे मौन बाहेरून सारखेच दिसते. पहिल्याचा आदर करता करता दुसरे त्याच्या आड लपते.

हे स्पष्टपणे सांगितले ते मिक नॉर्थ यांनी. जीवरसायनशास्त्राचे हे अध्यापक. त्यांची एकुलती एक कन्या त्या वर्गात होती. त्यांचा ‘डनब्लेन: नेव्हर फर्गेट’ हा ग्रंथ २००० साली निघाला. शोकगाथा वाचावयास मिळेल ह्या अपेक्षेने तो हाती घेणाऱ्याची निराशा होईल. त्यात पोलिसांनी परवाने कसे दिले आणि कसे चालू ठेवले ह्याची छाननी आहे, चौकशीच्या मर्यादांची चर्चा आहे, बंदुकांच्या हौशी मंडळींच्या वकिलीचा समाचार आहे. १९९१ सालीच एका पोलिस अधिकाऱ्याने ह्या मनुष्याचा परवाना काढून घ्यावा असे वरिष्ठांस लेखी कळविले होते. तरी परवाना कायम राहिला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीपुढे हे सारे आले. त्या चौकशीतील काही कागद शंभर वर्षे बंद ठेवण्याचे ठरले होते. पुढे ओरड झाली आणि २००५ मध्ये त्यांतील बरेच खुले करण्यात आले. शंभर वर्षांची मुदत! आपल्या मुलाच्या मरणाचे कारण वाचावयास कोणता बाप तोवर जगणार होता?

नॉर्थ यांचे लेखन रुक्ष आहे, कोठे कोठे कटूही आहे. ग्रंथकार म्हणून त्यांची किंडर्सलीशी तुलना होणार नाही. तथापि आम्हांस असे वाटते, की हा ग्रंथ नसता तर ती शिळा खोटी पडली असती. वीरगळाची तळची चौकट शिळेवर कोरता येत नाही हे आम्ही वर मान्य केले. पण ती कोठेतरी असावी लागते. मारणाऱ्याचे शौर्य म्हणून नव्हे, ज्यांनी त्याला शस्त्र धरू दिले त्यांच्या जबाबदारीची नोंद म्हणून. ती चौकट ह्या बापाने गद्यात कोरली. शिळेपुढे उभे राहणाऱ्याला घटना न सांगता सोडण्याचा अधिकार किंडर्सलीला मिळाला तो दुसऱ्या कोणीतरी ती सांगितली होती म्हणून.

स्नोड्रॉपच्या अर्जाची हकीकत ह्याच बाजूची. मृत मुलांच्या कुटुंबांच्या स्नेह्यांनी, बहुतेक साध्या गृहिणींनी, खाजगी व्यक्तींजवळ पिस्तुले असू नयेत अशा मागणीचा अर्ज फिरविला. नाव स्नोड्रॉपचे घेतले, कारण मार्चच्या त्या थंडीत फुललेले तेवढे एकच फूल होते. सात लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कविसंमेलनात निवडलेल्या प्रतीकांत ही नैसर्गिकता सहसा येत नाही. येथे प्रतीक अंगणातून आले. आज हे सारे सुरळीत झाले असे वाटते, पण तेव्हा तसे नव्हते. त्या उन्हाळ्यात पार्लमेंटच्या गृहविषयक समितीच्या बहुमताने बंदीला विरोध केला. खुद्द लॉर्ड कलन यांनी ऑक्टोबरच्या अहवालात सरसकट बंदीची शिफारस केली नव्हती. शस्त्रांचे भाग सुटे करून ठेवण्यासारखे उपाय त्यांनी सुचविले होते. डिसेंबरात राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी नभोवाणीवरील मुलाखतीत क्रिकेटच्या बॅटीचा दाखला दिला: कोणी बॅट घेऊन शाळेत शिरला तर बॅटींवरही बंदी घालाल काय, असा त्यांचा सवाल होता. पुढे त्याबद्दल दिलगिरी व्यक्त झाली. असल्या वातावरणात मेजर सरकारने अहवालाच्या पुढे जाऊन १९९७ च्या आरंभी मोठ्या बोराच्या पिस्तुलांवर बंदी आणली, आणि त्याच वर्षी ब्लेअर सरकारने उरलेल्या पॉइंट बावीस बोराच्या पिस्तुलांनाही ती लागू केली. लोकांनी दीड लाखांहून अधिक पिस्तुले सरकारजमा केली. ब्रिटनमधून बंदुकीचे गुन्हे नाहीसे झाले असा ह्याचा अर्थ नाही. २०१० मध्ये कंब्रियात आणि २०२१ मध्ये प्लिमथ येथे परवान्याच्याच लांब बंदुकांनी बळी गेले. पण तेथील कोणत्याही शाळेत त्या बुधवारची पुनरावृत्ती झालेली नाही.

आता चित्रपटाकडे येऊ. किम स्नायडर ह्या अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘नोट्स फ्रॉम डनब्लेन’ हा अर्ध्या तासाहूनही लहान माहितीपट २०१८ साली आला आणि न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात गौरविला गेला. १४ डिसेंबर २०१२ रोजी न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत २० मुले आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. तेथील कॅथलिक चर्चचे धर्मगुरू बॉब वाइस यांच्यावर आठ मुलांचे अंत्यविधी करण्याची वेळ आली. अशा वेळी त्यांना डनब्लेनच्या धर्मगुरूंचे, फादर बेसिल ओसलिव्हन यांचे, पत्र आले. दोघांचा पत्रव्यवहार आणि भेट हा चित्रपटाचा विषय. त्यातील साधेपणा मनाला भिडतो. एक वृद्ध माणूस दुसऱ्या खचलेल्या माणसाला उपदेश करीत नाही. मी येथून गेलो आहे, एवढेच सांगतो. शोकात सापडलेल्याला ह्याहून अधिक कोणी काय द्यावे?

तरीही चित्रपट संपल्यावर आम्ही अस्वस्थ झालो, आणि ती अस्वस्थता दिग्दर्शिकेला अभिप्रेत होती त्याहून निराळी होती असे वाटते. दोन धर्मगुरूंचे दुःख समान म्हणून दोन गावे समान, असा भास हा चित्रपट आपल्या गोडव्याने उत्पन्न करतो. गावे समान नाहीत. ओसलिव्हन यांचे दुःख जुने झाले आहे. त्याला जुने होण्यास अवसर मिळाला, कारण त्यांच्या देशात ते पुन्हा घडले नाही. वाइस यांच्या देशात २०१३ च्या एप्रिलमध्ये, न्यूटाउनच्या आईबापांच्या देखत, शस्त्रखरेदीपूर्वीच्या तपासणीचे साधे विधेयकही सिनेटमध्ये आवश्यक मतांअभावी पडले. २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड, २०२२ मध्ये टेक्ससमधील युवाल्डी. तेव्हा कोठे एक माफक कायदा झाला. डनब्लेनहून निघालेल्या पत्राला तेथून पुढे आणखी किती गावी जावे लागले असेल! सांत्वनाची साखळी लांबत जाते ह्याचे कौतुक करताना ती का लांबते हे चित्रपटाने अधिक ठासून विचारावयास हवे होते. नावातच ‘लेसन्स’ म्हणजे धडे हा शब्द आहे. एका गावाने धडा घेतला तो चर्चमध्ये कमी आणि सह्यांच्या कागदांवर अधिक, हे प्रेक्षकाला स्वतःच आठवावे लागते.

न्यूटाउनचे स्वतःचे स्मारक दहा वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२२ रोजी, कोणताही समारंभ न करता लोकांसाठी खुले झाले. वर्तुळाकार जलकुंड, त्याच्या कडेवर २६ नावे, आणि मध्ये सिकॅमोरचे कोवळे झाड. फूल किंवा दिवा पाण्यावर सोडला तर प्रवाह त्याला झाडाकडे फिरवीत नेतो. आमच्या नद्यांच्या घाटांवर द्रोणातला दिवा सोडणाऱ्यांना ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. कल्पना सुंदर आहे, आणि डनब्लेनच्या शिळेहून अधिक मवाळ आहे. झाड वाढेल, ज्यांची नावे कडेवर आहेत ती वाढणार नाहीत. हे क्रौर्य योजकांनी जाणून ठेवले असेल तर ते थोर म्हणावे लागतील. पण त्या गावाला दगडात नावे कोरूनही पुरले नाही. हा सारा प्रसंग बनावट आहे, मुले मेलीच नाहीत, असा प्रचार करणारे निघाले आणि आईबापांना न्यायालयात जावे लागले. २०२२ मध्ये त्या प्रचारकांतील प्रमुखावर एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाईचा निकाल झाला. स्मरणाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही तऱ्हा नवीनच.

डनब्लेनला तसले काही सोसावे लागले नाही. त्याच्या वाट्याला आले ते निराळेच. त्या दिवशी त्याच शाळेत आठ वर्षांचा असलेला अँडी मरे पुढे टेनिसपटू झाला. २०१२ मध्ये त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि २०१३ मध्ये विंबल्डन जिंकले. गावातील एक टपालपेटी सोनेरी रंगविण्यात आली. त्याचा अभिमान गावाने बाळगावा हे स्वाभाविकच होते. वृत्तपत्रांनी मात्र लगेच जमाखर्च मांडला, की डनब्लेनचे नाव आता धुऊन निघाले. नाव मळले होते कधी? आणि एका बाजूला सतरा जीव व दुसऱ्या बाजूला चषक असा ताळेबंद मांडावयास ह्यांना सांगितले कोणी? स्वतः मरे त्या दिवसाविषयी वर्षानुवर्षे फार थोडे बोलला. २०१९ च्या एका चित्रपटात तो त्याविषयी बोलला, तेही मुलाखतकारापुढे नव्हे. एका रात्री त्याने दिग्दर्शिकेसाठी ध्वनिमुद्रित केलेला तो निरोप होता.

२०१६ मध्ये, वीस वर्षे झाली तेव्हा, बीबीसीने गावातील लोकांना घेऊन एक माहितीपट केला. त्यात जखमी होऊन वाचलेली व आता मोठी झालेली माणसे आहेत, मेयरबाईंची कन्या आहे, आणि तेव्हाचे मुख्याध्यापकही आहेत. हे गृहस्थ वीस वर्षे जाहीरपणे बोलले नव्हते. आपल्या शाळेत आपण मुलांना राखू शकलो नाही ही अपराधाची भावना अजून सुटलेली नाही, असे त्यांनी सांगितले. व्यायामगृहात प्रथम धावत गेलेल्यांत ते होते. ज्यांनी परवाना चालू ठेवला त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून असे शब्द निघाल्याचे आमच्या वाचनात नाही.

ज्या वाचकांस हे साहित्य मुळातून पाहण्याची इच्छा होईल त्यांनी प्रथम नॉर्थ यांचा ग्रंथ वाचावा, मग बीबीसीचा माहितीपट पाहावा, मॅकमिलनची रचना कोठून मिळाल्यास ऐकावी, आणि शेवटी किंडर्सलीच्या शिळेचे एखादे चांगले छायाचित्र समोर ठेवावे. स्नायडरबाईंचा चित्रपट त्यानंतर पाहिला तरी चालेल. आम्ही उलट क्रमाने गेलो, आणि शिळेवर काय कोरलेले नाही हे कळावयास आम्हांस फार वेळ लागला.